ऐकणारीचे हात

पुण्यात मंडईच्या मागच्या अंगाला, एका जुन्या वाड्यात एक हारवाली राहत होती. नवरा रस्त्यावरचा फुलांचा गाळा सांभाळायचा आणि ही घरात बसून हार करायची. गुलटेकडीच्या फुलबाजारातून आणलेली फुलं, झेंडू, शेवंती, गुलछडी, रात्रभर ओल्या गोणपाटाखाली झाकलेली असत. पहाटे चारला ती मांडी घालून बसे. पुढ्यात परात, हातात लांब सुई. आठ वाजेपर्यंत देवळांचे आणि दुकानांचे रोजचे हार ओवून तयार.

या चार तासांत तिला कीर्तनाची सोबत लागे. माहेर मावळातलं. गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. तिचा भाऊ त्यातलं रोजचं कीर्तन मोबाइलवर उतरवून घेई आणि दिवाळीला येताना बहिणीसाठी घेऊन येई. कीर्तनकार बाहेरून आलेले असत, पण मागे उभे राहणारे टाळकरी गावातलेच. कुठला आवाज कुणाचा हे तिला न सांगता कळे. एखाद्या अभंगाच्या धृपदावर तिच्या चुलत्याचा वरचा सूर लागला, की तिची सुई एक क्षण थांबायची आणि मग दुप्पट वेगाने चालायची.

हे सगळं ती मोबाइलवर ऐकायची आणि तिथेच घोडं अडायचं. पहाटेपासून गिऱ्हाइकांचे फोन सुरू. फोन आला की कीर्तन बंद. बोलणं संपलं की पुन्हा लावायचं, तर बोटं ओली, त्यांना झेंडूची पिवळी पूड लागलेली. ओल्या बोटाला मोबाइलची काच नीट दाद देत नाही, भलतंच काहीतरी उघडून बसते. हात पुसा, चष्मा शोधा, फाइल शोधा, कुठवर आलो होतो ते शोधा. त्यात दहा मिनिटं गेली की दोन हार मागे पडले. हळूहळू तिने ऐकणंच सोडून दिलं. घरात कुणाच्या हे चटकन लक्षात आलं नाही, कारण ती त्याबद्दल बोलली नाही.

थोरल्या लेकीच्या मात्र लक्षात आलं. तिला नुकतीच एका कचेरीत हिशेब लिहायची नोकरी लागली होती. पहिला पगार, समोर दिवाळी. तिने ठरवलं, आईला गाणी वाजवणारं वेगळं यंत्र घ्यायचं. अडीच हजार बाजूला काढले आणि शनिवारी संध्याकाळी ती बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेली.

तापकीर गल्लीत दिवाळीच्या आधी चालणं अवघड असतं. माळा, दिवे, वायरींची भेंडोळी, स्पीकर, हातगाड्या. एका दुकानाच्या काचेत लाल अक्षरात पाटी होती: सत्तर टक्के सूट. खाली चकचकीत खोका. छापील किंमत ५,९९९ रुपये, त्यावर काट मारून १,७९९. खोक्यावर एकाखाली एक लिहिलं होतं. स्पर्शाने चालणारा रंगीत पडदा, ब्लूटूथ, एफएम, व्हिडिओ, खेळ, पुस्तकं वाचायची सोय, आवाज नोंदवायची सोय, ६४ जीबीपर्यंत कार्ड चालतं, एचडी साउंड.

लेकीने मनात हिशेब मांडला. चार हजार दोनशे रुपये वाचले. शिवाय अडीच हजारांतले सातशे उरले, त्यात आईला एक साडी.

दुकानदार साठीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांनी याच गल्लीत टेपरेकॉर्डर दुरुस्त करत दुकान उभं केलेलं.

"हा द्या काका," लेक म्हणाली.

"देतो. कुणासाठी?"

"आईसाठी."

"आई काय करते?"

"हार करते. तेव्हा ऐकायला हवंय तिला."

काकांनी खोका परत काचेत ठेवला. "मग आज नको घेऊस बाळ. पाटी सोमवारपर्यंत आहे. उद्या पहाटे आईजवळ बस आणि तिचे हात बघ. ती जे ऐकते ते एका कार्डावर भरून आण. आधी ते इथे वाजवून बघू, मग पैसे दे."

लेकीला हे थोडं विचित्र वाटलं. विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला परत का पाठवतो? पण ती गेली. मला वाटतं, या गोष्टीतली सगळ्यात शहाणपणाची खरेदी तेव्हाच झाली, जेव्हा ती रिकाम्या हाताने दुकानाची पायरी उतरली.

घरी आल्यावर तिने आधी सोपा मार्ग धरला. आईलाच विचारलं, "तुला गाण्याचं यंत्र घ्यायचं झालं, तर त्यात काय काय हवं?"

"मला कशाला? काही नको," आई म्हणाली. "तुला चपला घे."

आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या हेच उत्तर मिळत आलं आहे. विचारून गरज कळत नाही, कारण ज्यांनी आयुष्यभर स्वतःची गरज शेवटी ठेवली, त्यांना ती शब्दांत मांडायची सवयच उरत नाही. ती बघूनच कळते. म्हणून रविवारी पहाटे लेक गजर लावून उठली आणि वही घेऊन भिंतीला टेकून बसली.

तिने काय पाहिलं? उजव्या हातात सुई, ती खाली ठेवली जात नाही. डावा हात परातीतून फूल उचलतो, देठ खुडतो, पुढे करतो. दोन्ही हात मनगटापर्यंत ओले. मोकळं असतं ते फक्त डाव्या हाताच्या करंगळीचं पेर, आणि आई त्यानेच सगळी कामं करते. पदर सारते, फोन उचलते, दाराची कडी ढकलते. खोलीत एकच दिवा, तोही मंद, कारण शेजारी धाकटा झोपलेला. आईच्या डोळ्यांवर चष्मा नाही, फुलं ती स्पर्शानेच ओळखते. पाचला दूधवाला, साडेपाचला वडील हारांची पहिली पाटी न्यायला, मग एकदा नळाला पाणी. चार तासांत ती कितीदा तरी उठते. कानात काही घालणं शक्य नाही, कारण दाराची हाक ऐकू यायला हवी.

लेकीने वहीत लिहिलं: ओले हात. अंधार. उठबस. लहान आवाज. मोठं कीर्तन.

खोक्यावरच्या एकाही शब्दाची या पाच ओळींशी गाठ पडत नव्हती.

दुपारी तिने मामाची कीर्तनं १६ जीबीच्या कार्डावर भरली आणि पुन्हा दुकानात गेली. काकांनी सत्तर टक्क्यांचा खोका उघडला. शेजारी दुसरं एक यंत्र ठेवलं. जाड, काळं, दिसायला अगदी साधं. वर सहा मोठी बटणं, पुढे जाळी, आत स्पीकर, बाजूला कार्डाची खाच. पडदा म्हणजे आकडा दाखवणारी एक छोटी पट्टी. छापील किंमत २,४९९, सूट दहा टक्के, म्हणजे २,२४९.

"आता दोन्हीकडे तुझं कार्ड घालू," काका म्हणाले.

पहिल्या यंत्रात कार्ड घातलं. पडद्यावर कीर्तनांची नावं यायला हवी होती, तिथे चौकोनांच्या रांगा आल्या. मामाने नावं मराठीत लिहिली होती आणि त्या यंत्रात देवनागरी अक्षरंच नव्हती. तरी कीर्तन वाजलं, आणि स्वच्छ वाजलं. मग काकांनी टेबलावरच्या पेल्यात बोट बुडवलं आणि तिच्यापुढे पेला सरकवला. "आता तू बंद करून दाखव." लेकीने ओल्या बोटाने पडदा दाबला. एकदा काहीच झालं नाही, दुसऱ्यांदा खेळ उघडला. कसंबसं बंद केलं, पुन्हा चालू केलं, तर कीर्तन पहिल्यापासून सुरू झालं.

"गाणं चार मिनिटांचं असतं, ते पहिल्यापासून लागलं तर बिघडत नाही," काका म्हणाले. "तुझ्या मामाचं कीर्तन शंभर मिनिटांचं आहे. आई चारदा उठली तर चारही वेळा नमनच ऐकेल."

दुसऱ्या यंत्रात कार्ड घातलं आणि ते मुकाट बसलं. काहीच वाजेना. लेकीचा चेहरा पडला.

हे इथे मुद्दाम सांगायला हवं. बोधकथेत चांगली वस्तू पहिल्या क्षणापासून चांगली असते, पण दुकानात तसं होत नाही. मोबाइलवर उतरवलेला आवाज बऱ्याचदा एमफोरए या प्रकारच्या फाइलमध्ये जपला जातो. महाग किंवा नव्या यंत्रांना तो कळतो, साध्या यंत्रांना बहुधा फक्त एमपी३ कळतं. म्हणजे या एका बाबतीत सत्तर टक्क्यांचा खोका खरोखर सरस होता आणि काकांनी ते लपवलं नाही.

"हे आधी बदलून घ्यावं लागेल," ते म्हणाले. "संगणकावर होतं, फुकट होतं, पण दरवर्षी नवी कीर्तनं आली की करावं लागेल. तुला जमेल?"

"जमेल."

"मग विचार कर. वर्षातून एकदा तू अर्धा तास बसायचं, की रोज पहाटे आईने हात पुसायचे?"

काकांनी त्यांच्याच संगणकावर दोन फाइली बदलून दिल्या. आता काळं यंत्र बोलू लागलं. मध्येच बंद केलं, चालू केलं, तर जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे निघालं. लेकीने डोळे मिटले आणि डाव्या करंगळीचं पेर बटणावर दाबलं. बटण खटकन बसलं. मधल्या बटणावर एक उंचवटा होता, अंधारात तेवढं पुरे होतं.

पण सत्तर टक्के मनातून जाईनात. ती म्हणाली, "काका, पण तो सहा हजारांचा आहे ना? अठराशेला मिळतोय. हा सव्वादोन हजारांना, आणि याच्यात काहीच नाही."

"तो सहा हजारांचा आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

"खोक्यावर छापलंय."

"छापलं कुणी? ज्याला विकायचाय त्यानेच. छापील किमतीच्या वर घेऊ नये, असं कायदा सांगतो. ती किती छापावी, हे तो सांगत नाही. सहा हजार छापून सत्तर टक्के सोडले काय आणि दोन हजार छापून दहा टक्के सोडले काय, तुझ्या पिशवीतून जाणारे पैसे तेवढेच. सूट विकणाऱ्याच्या आकड्यावर मोजतात बाळ. मोल ऐकणाऱ्याच्या दिवसावर मोजावं लागतं."

असंच एकेकाळी वॉटचं होतं. टेप आणि स्पीकरच्या खोक्यांवर पीएमपीओ म्हणून हजार हजार वॉट लिहिलेले असत आणि लोक आकडा बघून खोका उचलत. त्या पीएमपीओची सर्वमान्य व्याख्याच नव्हती, ज्याला जो आकडा हवा तो त्याने लिहावा. खरी ताकद किती, हे आरएमएस वॉट सांगतात आणि ते त्याच खोक्यावर कुठेतरी कोपऱ्यात, बारीक अक्षरात असत. मोठ्या अक्षरातलं विकणाऱ्याच्या सोयीचं आणि बारीक अक्षरातलं घेणाऱ्याच्या कामाचं, हा प्रकार तेव्हापासून चालत आला आहे.

म्हणून काकांनी तिला बारीक अक्षरं वाचायला लावली. पॅकबंद मालावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापणं भारतात बंधनकारक आहे. पहिल्या खोक्यावर तो महिना दोन वर्षांपूर्वीचा निघाला. एवढी सूट कशासाठी, त्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. आतली लिथियम बॅटरी वापरली नाही तरी वयाबरोबर उतरत जाते आणि पूर्ण रिकामी पडून राहिली तर आणखी लवकर उतरते. शिवाय ती आत चिकटवलेली, काढता न येणारी. काळ्या यंत्राच्या पाठीमागचं झाकण काकांनी नखाने उघडलं. आत बीएल-५सी बॅटरी होती, नोकियाच्या जुन्या फोनांत असायची तीच. "ही कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. घेताना बीआयएसची खूण बघायची, म्हणजे झालं."

"आणि ते ६४ जीबी?" लेकीने शेवटचा प्रयत्न केला.

काकांनी कागद ओढला. १२८ केबीपीएसच्या साध्या एमपी३ मध्ये एका मिनिटाला साधारण एक एमबी लागते. मामाचं शंभर मिनिटांचं कीर्तन ९६ एमबीचं. तिच्याकडच्या १६ जीबीच्या कार्डावर २७७ तास मावतात. रोज चार तास ऐकलं, तर पहिलं कीर्तन पुन्हा यायला ६९ दिवस. "सप्ताह सात दिवसांचा असतो. ६४ जीबीचं तू करणार काय?"

जागेला एके काळी खरंच मोल होतं, हे खरं. १९९८ साली बाजारात आलेल्या पहिल्या एमपी३ प्लेअरांमध्ये ३२ एमबी जागा होती. त्यात हे एक कीर्तनही मावलं नसतं. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने पहिला आयपॉड दाखवला, तेव्हा ५ जीबीत हजार गाणी मावतात हीच त्याची मोठी बातमी होती आणि त्यासाठी लोकांनी ३९९ डॉलर मोजले. त्या काळी तो आकडा ऐकणाऱ्याच्या दिवसात फरक पाडत होता. आज नखाएवढ्या कार्डावर त्याच्या कितीतरी पट जागा असते. आकडा वाढत गेला, गरज होती तिथेच राहिली, तरी खोक्यावर तो अजून मोठ्या अक्षरात छापला जातो.

तेवढ्यात दुकानात एक मुलगा आला. तबला शिकणारा, बोटांच्या टोकांवर घट्टे पडलेले. त्याने सत्तर टक्क्यांचा तोच खोका मागितला. काकांनी त्यालाही विचारलं, कशासाठी. गुरुजींनी वाजवलेल्या तबल्यातल्या कायद्यांची ध्वनिमुद्रणं आहेत, तो म्हणाला. एखादा अवघड तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा असतो, लय निम्मी करून ऐकायचा असतो. काकांनी यंत्राच्या यादीत शोधलं. दोन खुणा करून मधलाच तुकडा फिरवायची सोय होती. गती कमी करायचीही होती, आणि त्याने आवाजाची पट्टी उतरत नव्हती. काळ्या यंत्रात यातलं काही नव्हतं.

"बॅटरी जुनी आहे. लांब चालणार नाही," काकांनी त्याला स्पष्ट सांगितलं.

"मी टेबलाशी बसून ऐकतो, चार्जर लावून. कानात हेडफोन."

"मग तुझ्यासाठी हा चांगला आहे."

मुलाने १,७९९ मोजले. बिल घेतलं, हमीच्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि हसतमुखाने गेला.

लेक बघत राहिली. काचेतला तो एकच खोका होता. सत्तर टक्के सूट तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पिशवीत गेली. आपण हात आखडला आणि संधी गेली, असं तिला वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलंही. अशा क्षणी बहुतेक लोक घाईघाईने दुसरी कुठलीतरी सूट पकडतात. पाटीवर सोमवारपर्यंतची मुदत लिहितात ती याचसाठी, माणसाला बघायला वेळ मिळू नये म्हणून.

"वाईट वाटतंय?" काकांनी विचारलं.

"त्याला चांगलं मिळालं."

"मिळालंच. त्याचे हात कोरडे आहेत आणि त्याचं गाणं तीस सेकंदांचं आहे. ती सूट त्याची होती, तुझ्या आईची नव्हतीच."

मग त्यांनी तिला वॉकमनची गोष्ट सांगितली, वडिलांकडून ऐकलेली. सोनी कंपनीचा प्रेसमन नावाचा एक छोटा टेपरेकॉर्डर होता, बातमीदारांसाठी. कंपनीने त्यातली आवाज नोंदवायची सोय काढून टाकली, स्पीकर काढला आणि हलका हेडफोन जोडला. कंपनीतल्याच काही लोकांना पटेना. जे यंत्र नुसतं वाजवतं, नोंदवत नाही, ते घेणार कोण? १ जुलै १९७९ ला वॉकमन जपानात विक्रीला आला, ३३,००० येनला. पहिली ३०,००० यंत्रं ऑगस्ट संपेपर्यंत खपली. चालता चालता गाणं ऐकायची इच्छा असलेल्या माणसाला, काढून टाकलेल्या सोयींची आठवणही झाली नाही.

"आणि जुनी गोष्ट कशाला," काका म्हणाले, "२०१७ साली सारेगामाने कारवां काढला, तेव्हा घरोघरी मोबाइल होते. तरी लोक रांगेने घेऊन गेले. ५,००० गाणी आत भरलेली, बाहेर एक मोठी फिरकी. म्हाताऱ्या माणसाला ती फिरवता येते. तुझ्या आईला सिनेमातली जुनी गाणी हवी असती, तर मी तोच पुढे ठेवला असता."

वॉकमनचा जन्म काही पुण्यात झाला नाही, पण त्याची गोष्ट तापकीर गल्लीत शोभते. तिथे वस्तू उघडून दुरुस्त करणाऱ्यांची पिढी होती. त्यांना खोक्यावरच्या यादीचं अप्रूप कधीच नव्हतं, कारण यादीतलं काय बिघडतं आणि काय न वापरता तसंच परत येतं, ते त्यांनी रोज पाहिलं होतं.

लेकीने हिशेब लिहायची नोकरी धरली होती, तेव्हा शेवटचा हिशेब तिने स्वतःच केला. रोज चार तास म्हणजे वर्षाला १,४६० तास. २,२४९ रुपयांचं यंत्र एक वर्ष चाललं, तरी तासाला दीड रुपया पडतो. तीन वर्षं चाललं तर पन्नास-एक पैसे. अठराशेचं यंत्र आईने आठवडाभर हात पुसत वापरलं असतं आणि मग फडताळात ठेवून दिलं असतं, न बोलता, जसं तिने ऐकणं सोडलं तसंच. मग तासाचा भाव किती पडला असता? तिने तो आकडा लिहिला नाही. पैसे मोजले, पक्कं बिल घेतलं, एक वर्षाच्या हमीवर शिक्का घेतला. अडीचशे रुपये उरले, साडी आली नाही.

घरी आईने पहिला प्रश्न विचारला, "कितीला?"

"सव्वादोन हजार."

"एवढे? सूट नव्हती कुठे?"

"होती. पण तुझ्यासाठी नव्हती."

आईला हे बोलणं कळलं नाही आणि लेकीनेही ते सोडवून सांगितलं नाही. तिने यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, आईच्या डाव्या हाताशी, पाण्याच्या शिंतोड्यांपासून वीतभर दूर. पहाटे आईने करंगळीच्या पेराने बटण दाबलं. दूधवाला आला तेव्हा दाबलं, परत आल्यावर दाबलं. चुलता जिथे थांबला होता तिथून पुढे गाऊ लागला. तिसऱ्या दिवशी तर ती यंत्राकडे बघेनाशीही झाली आणि लेकीच्या मते पैसे तिथेच वसूल झाले. दिवाळीनंतर दीड वर्षाने बॅटरी फुगली, यंत्र लवकर बंद पडू लागलं. धाकट्याने कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून नवी बीएल-५सी आणून घातली. दरवर्षी मामाची नवी कीर्तनं आली की लेक अर्धा तास बसून ती एमपी३ करून देते.

वाड्यात ही गोष्ट पसरली. वरच्या मजल्यावरच्या काकू लेकीकडे आल्या. "मलाही तुझ्या आईसारखंच यंत्र आणून दे. मामंजींसाठी. दिवसभर नुसते बसून असतात."

"आबा काय ऐकतात हो काकू?"

"बातम्या. सकाळच्या आकाशवाणीच्या. पूर्वी रेडिओ होता, तो पडून फुटला. आता मोबाइलवर लावून देते, पण मी कामाला गेले की त्यांना बदलता येत नाही."

लेकीने आईच्या यंत्राचा खोका काढून पाहिला. यंत्रात रेडिओ होता, पण फक्त एफएम. पुणे आकाशवाणीचं आबांचं केंद्र मध्यम लहरींवर, ७९२ किलोहर्ट्झला. ते यात लागलंच नसतं. दोघी मिळून तापकीर गल्लीत गेल्या. काकांनी वरच्या फळीवरून दोन पट्ट्यांचा साधा रेडिओ काढला. आवाजाची एक फिरकी, केंद्राची एक फिरकी, तार ओढायची अँटेना, दोन जाड सेल.

"यात गाणी भरता येत नाहीत?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"सूट?"

"नाही ताई. छापील किमतीला आहे, सातशे रुपये."

काकूंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान हलवली. काकूंनी पैसे दिले आणि काकांना सांगितलं, सुई ७९२ वर लावून तिथे काचेवर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावून द्या, म्हणजे फिरकी चुकून हलली तरी मामंजींना आपलं केंद्र परत सापडेल.